न गिळलेली भाकर

बायकोला नाही, मित्राला नाही, कन्फेशनमध्ये फादरांनाही नाही, असं आजवर कुणालाच न सांगितलेलं आधी सांगून टाकतो. सुमारे सव्वा वर्ष मी दर रविवारी मिस्साच्या रांगेत उभा राहिलो, दोन्ही तळहात पुढे करून ख्रिस्तप्रसाद घेतला, 'आमेन' म्हटलं, हात तोंडापर्यंत नेला आणि ती पवित्र भाकर तोंडात न घालता मुठीत धरून जागेवर आलो. तिथून ती गाण्यांच्या पुस्तकात जायची आणि मग खिशातल्या पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत. त्यातली एक हरवली. ती सापडली तेव्हा आळ एका म्हाताऱ्या बाईवर आला, आणि आळ घेतला जात होता त्या खोलीत मी पाय जुळवून खुर्चीत बसलेलो होतो.

ज्यांना आमच्या चालीरीती माहीत नाहीत त्यांच्यासाठी: ही भाकर म्हणजे गव्हाच्या पिठाची, नाण्यापेक्षा जराशी मोठी, कागदासारखी पातळ चकती. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, ती आमच्या श्रद्धेने ख्रिस्ताचं शरीर होते. ती घेऊन खिशात घालणं म्हणजे काय, हे वसईतल्या कुठल्याही ख्रिस्ती घरी विचारून बघा. उत्तर देण्याआधी माणूस दोन पावलं मागे सरेल.

माझी श्रद्धा उडाली होती असं नाही. मला ती गिळता येत नव्हती.

मी कॅनडात, मार्कहॅमच्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्टर आहे. मशीनवरून उतरलेले पार्ट मोजतो. या कामाची एकच रीत: समोरचा पार्ट खराब आहे असं धरून चालायचं, आणि मोजमापाने तो चांगला ठरला तरच हिरवा शिक्का मारायचा. शंका राहिली तर लाल पेटीत. वीस वर्षं हेच केल्यावर घरीदारी तीच नजर होते. तरी २०१५च्या उन्हाळ्यापर्यंत मला स्वतःच्या गळ्यावर कधी संशय आला नव्हता.

सुरुवात भाताने झाली. घास गळ्यातून नीट उतरायचा, पण छातीच्या मधोमध येऊन थांबायचा. वरून पाणी प्यायलो तर पाणी त्याच्या डोक्यावर साचायचं. बूट घालायला वाकलो की सगळं परत तोंडात, जसं गेलं तसंच, आंबटसुद्धा न झालेलं. पहिला संशय मी बायकोच्या हातावर घेतला. आमचा वर्षाचा मसाला वसईहून येतो, बाटलीत दांड्याने ठासून भरलेला. मी म्हटलं, यंदा मिरची बदललीय.

"मिरची तीच आहे," ती म्हणाली. "तू बदललायस."

ती एका वृद्धाश्रमात काम करते. ज्यांना गिळता येत नाही अशा म्हाताऱ्यांना रोज चमच्याने भरवते. तिला माझ्याआधी कळायला हवं होतं, पण मी तिच्यासमोर जेवायचंच टाळायला लागलो. डबा कामावर न्यायचो आणि येताना गॅरेजमधल्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये रिकामा करायचो. एके दिवशी तिने बिनचं झाकण उघडलं. आठवड्याची भाजी-पोळी त्यात होती.  तिने झाकण लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीच कुणी जेवू घालतेय की काय, असा तिला संशय आला असावा.

मग पेटका आला. लंच ब्रेकमध्ये, मायक्रोवेव्हसमोर उभा असताना. छातीच्या आत कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तसं काहीतरी आवळलं, ते जबड्यापर्यंत आणि मागे पाठीत गेलं. मला वाटलं, हार्ट. सगळ्यांनाच वाटलं. इमर्जन्सीत सहा तास बसवून त्यांनी सांगितलं की हार्ट उत्तम आहे. मला तेव्हा हार्टऐवजी त्या डॉक्टरचाच संशय आला.

रेफरल, वेटिंग, पुन्हा रेफरल. एक्स-रेसाठी खडूसारखं पांढरं औषध प्यायला लावलं आणि पडद्यावर माझी अन्ननलिका दिसली: वर फुगलेली, खाली मुळ्याच्या शेपटासारखी निमुळती. नाकातून नळी घालून आतला दाब मोजला. मोजमाप म्हटल्यावर माझा विश्वास बसला. डॉक्टर म्हणाले, याला अ‍ॅकलेझिया म्हणतात. नळीच्या तळाशी एक झडप असते, ती घास आला की उघडते. तुमची उघडत नाही. आणि वरची नळी घास खाली ढकलायचं सोडून भलत्या वेळी स्वतःशीच आवळते, तो तुमचा पेटका. ऑपरेशन करता येईल, पण रांग मोठी आहे. तोवर सांभाळा.

सांभाळणं म्हणजे काय ते मी हळूहळू शिकलो. थंड काही नाही. बर्फाचं पाणी म्हणजे आगीत तेल. कोमट पाण्याचा थर्मास कायम बरोबर. पेटका येतोय असं वाटलं की लगेच दोन घोट, मग उभं राहायचं, छाती पुढे काढून दोन्ही हात वर करायचे, पोलिसांनी पकडल्यासारखे. चालायचं. कधी सुटतो, कधी नाही. जिभेखाली ठेवायची गोळी होती; तिने छाती सुटायची आणि डोकं धरायचं. संध्याकाळी सहानंतर जेवण बंद. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. घास शेंगदाण्याएवढा, आणि चावून चावून त्याची चव जाईपर्यंत चावायचा. हे सगळं जमलं. जमलं नाही ते एकच: कुणी बघत असलं की माझा गळा मिटायचा. घाई, भांडण आणि आपल्यावर कुणाची तरी नजर आहे ही जाणीव, या तिन्हींनी पेटका हमखास यायचा.

आणि नजर तर सगळीकडे होती.

वसईहून आलेली आमची पंचवीस-तीस कुटुंबं महिन्यातून एकदा एका चर्चमध्ये मराठी मिस्साला जमायची. फादर वसईचेच, इथे शिकायला आलेले. मिस्सानंतर खाली बेसमेंटच्या हॉलमध्ये जेवण. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं. आता आमच्यातला आग्रह ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. एकदाच वाढून घेतलं आणि 'पुरे' म्हटलं, तर वाढणारीला ते रागावल्यासारखं ऐकू येतं. मैद्याचे तळलेले फुगे परातीत डोंगराएवढे, आणि माझ्यासाठी फुग्यासारखं वाईट काही नव्हतं. कोरडं, चिवट, आत जाऊन आणखी फुगणारं.

ग्रुपचे अध्यक्ष वसईला शाळेत मुख्याध्यापक होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, ज्यांना त्यांनी कधी शिकवलं नव्हतं तेसुद्धा.

"काय रे, आमच्या हातचं चालत नाही का आता?" सर माझ्या ताटाकडे बघून म्हणायचे. "कॅनेडियन झालास?"

"सर, तो सिक्स पॅक बनवतोय," माझा मित्र म्हणायचा. आम्ही दोघं एकाच वर्षी इथे आलो, एकाच बेसमेंटमध्ये भाड्याने राहिलो. "वहिनी, याला कुणासाठी बारीक व्हायचंय ते जरा बघा हं."

सगळे हसायचे. बायको हसायची नाही.

आजाराचं नाव बायकोला तोवर कळलं होतं, पण ग्रुपमध्ये सांगायचं नाही असं मी तिला बजावलं होतं. का? मला आजही नीट सांगता येत नाही. सांगितलं की पंचवीस घरांतून पंचवीस औषधं येतील, आणि कुणीतरी हळूच 'कॅन्सर तर नाही ना?' म्हणेल, हे एक. दुसरं म्हणजे मला आपलं काही उघडं पडलेलं सहन होत नाही.

तरी एका बाईने ओळखलं. माझ्या मित्राची आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मुलाकडे राहायला आलेली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. हॉलमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या ताटाकडे न बघता म्हणाली, "तुझ्या गळ्यात कायतरी आहे, पोरा."

मी म्हटलं, "नाही हो मावशी, भूक नाही."

"भूक नसलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात बघत नाय."

पुढच्या महिन्यात तिने पिशवीतून स्टीलचा थर्मास काढला. आत तांदळाची पेज, कोमट, मीठ घातलेली. "हे पी. कुणी विचारलं तर सूप म्हणून सांग. इथे सूप म्हटलं की कुणी काय बोलत नाय." ती पेज माझ्या गळ्यातून सरळ उतरली. त्यानंतर प्रत्येक महिन्याला तो थर्मास असायचा. मावशीने मला पुन्हा काही विचारलं नाही.

भाकरीची गोष्ट २०१५च्या नाताळच्या आधी सुरू झाली. इंग्रजी मिस्सा होती, नेहमीच्या चर्चमध्ये. भाकर जिभेवर ठेवली, ती कोरडीच मागे गेली आणि छातीत अडकली. पेटका आला. मी घाईने वॉशरूम गाठली आणि बेसिनवर वाकलो. सगळं वर आलं. ती भाकरही आली, ओली, दुमडलेली. ती उचलायला मी हात पुढे केला, तर नळाने हात ओळखला आणि पाणी आपोआप सुरू झालं. माझ्या डोळ्यांदेखत ती वाहून गेली.

त्या दिवशीच फादरांना गाठून सांगायला हवं होतं. मी गाडीत जाऊन बसलो.

मग ख्रिस्तप्रसाद घेणंच थांबवायचं होतं, असं कुणी म्हणेल. आमच्यात ते इतकं सोपं नाही. सगळी रांग पुढे जात असताना एखादा जागेवर बसून राहिला तर त्याच्यावर मोठं पाप आहे आणि ते अजून सांगितलेलं नाही, असाच अर्थ निघतो. कुणी विचारत नाही, पण कार पार्किंगपर्यंत अंदाज सुरू होतात. त्यात मराठी मिस्सात रांग लावायचं काम माझ्याकडे. एकेक बाक मोकळा करत मी शेवटी स्वतः जायचो. जो रांग लावतो तोच बसून राहिला, तर? आजाराचं कळलं तरी बायकोच्या डोक्यात तो हिरवा बिन होताच.

म्हणून मूठ. म्हणून पुस्तक. म्हणून डबी.

त्या भाकरींचं मी वाईट काही केलं नाही, हे मला स्वतःला पटवून द्यायला बरं वाटायचं. न वापरलेली भाकर पाण्यात विरघळवायची आणि जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा मातीत ते पाणी ओतायचं, ही रीत मला ठाऊक होती. उन्हाळ्यात कुंपणाजवळच्या गुलाबाखाली ओतायचो. पण नोव्हेंबरनंतर इथली माती लोखंड होते. पाणी वर साचून गोठतं. घरात तर ओतायचं कुठे? सिंकमध्ये ओतायचा विचार आला की तो नळ आठवायचा. त्यामुळे हिवाळ्यात डबी भरत जायची आणि मी एप्रिलची वाट बघायचो.

एकदा गाडीत बायकोने माझ्या जॅकेटच्या खिशात हात घातला. "मिंट आहेत ना तुझ्याकडे? दे एक."

"संपल्या."

"वाजतायत की."

"नट आहेत, कामाचे. राहू दे म्हटलं ना."

तिने हात काढून घेतला.  मला कुणाकुणाची शंका यायची तेव्हा! बायको डबी उघडते का, याची. रांगेत मागे वळून बघणाऱ्या लहान मुलांची. मुठीतल्या घामाची. प्रत्येक 'आमेन'नंतर फादरांची नजर माझ्यावर अर्धा क्षण जास्त थांबते असं वाटायचं.

२०१७चा फेब्रुवारी. मराठी मिस्सा. मावशी माझ्या शेजारी बसली होती, कारण मित्र त्या दिवशी गिटारवर होता. ती माझ्या आधी रांगेत गेली. इथल्या पद्धतीप्रमाणे तिने हातावर भाकर घेतली, तिथेच तोंडात घातली, डोळे मिटले आणि बाकाला हात लावत लावत परत आली. मी हे सगळं नीट पाहिलं. ते पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

मी माझी भाकर पुस्तकात सरकवली. गाण्यांची पुस्तकं आमची आम्हीच झेरॉक्स काढून स्पायरल केलेली. डबी काढायला खिशात हात घातला आणि पेटका आला. साधा नाही. मी पुस्तक तिथेच ठेवून बाहेर पडलो. कोट टांगायच्या जागेमागे, भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभा राहिलो. थर्मासमधलं पाणी उतरेना. पंधरा मिनिटांनी छाती सुटली तेव्हा मिस्सा संपली होती आणि बाक रिकामे होते. माझं पुस्तक नव्हतं. मावशीने तिचं आणि माझं, दोन्ही एकत्र करून सरांकडे दिली होती.

मी खाली गेलो. सर पुस्तकांच्या खोक्याशेजारी बसले होते.

"काय हवंय?"

"काही नाही. माझं पुस्तक जरा..."

"आता पुढच्या महिन्यात," सर म्हणाले आणि खोक्यावर हात ठेवून राहिले. त्या हाताकडे बघूनच मला कळलं की त्यांना सापडलीय.

गुरुवारी फोन आला. शनिवारी दुपारी सरांच्या घरी ग्रुपच्या कमिटीची बैठक. माझ्या मित्राला बोलावलं नव्हतं. आम्ही चौघं: सर, त्यांच्या पत्नी (त्यांना आम्ही बाई म्हणायचो), सेक्रेटरी आणि मी. सरांच्या बाईंनी चहा ठेवला, दारं लावली.

"पुस्तकात पवित्र भाकर निघाली," सर म्हणाले. "मी ती फादरांकडे सोपवली. दोन पुस्तकं एकदम हातात आली होती, त्यातल्या वरच्यात. कुणी दिली ते मी सांगायला नको."

सेक्रेटरीने कपाळावर क्रूस काढला. "पण मावशी कशाला असं करतील?"

"कशाला म्हणजे?" सरांच्या बाई म्हणाल्या. "गावाकडे नाही ऐकलंस? दृष्ट काढायला नेतात. ताईतात घालतात. तिच्या सुनेला दोनदा दिवस गेले, दोन्हीदा गर्भ पडला. म्हातारी माणसं काय काय करतात."

"मी त्यांना फोनवर विचारलं," सर म्हणाले. "तर म्हणतात, मला माहीत नाही. दोन पुस्तकं कशी तुमच्या हातात, तर म्हणे, पडली होती ती उचलली. दुसरं कुणाचं, तर गप्प."

मावशीला ते कुणाचं ते माहीत होतं. ती माझ्या शेजारी बसली होती.

मग सर माझ्याकडे वळले. "तू इन्स्पेक्टर माणूस. रांगेत तिच्या मागे होतास. तिने तोंडात घातलेली तू पाहिलीस?"

मी पाहिली होती. डोळे मिटलेलेही पाहिले होते. माझ्या छातीत आवळायला लागलं. मी म्हटलं, "नक्की सांगता येणार नाही."

हे खोटं नाही असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. पण माझ्या कामात याचा अर्थ काय होतो ते माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. हिरवा शिक्का नाही म्हणजे लाल पेटी.

पेटका वाढला. मी थर्मास काढला, उभा राहिलो, डोळ्यांत पाणी आलं. सरांच्या बाई हळहळल्या. "बघा, याला किती लागलंय ते. अशी श्रद्धा पाहिजे."

मार्चच्या मिस्साला जाहीर झालं की यापुढे सगळ्यांनी जिभेवरच ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. फादरांशेजारी सर उभे राहिले. मी नेहमीसारखी रांग लावली. मावशीची पाळी आली. तिने तोंड उघडलं, फादरांनी भाकर ठेवली, ती वळली. सरांनी हात आडवा केला.

"मावशी, गेली का आत? जरा दाखवा."

फादरांनी सरांकडे पाहिलं, पण ते तरुण होते आणि सर त्यांच्या वडिलांच्या वयाचे. रांग थांबली. गिटार थांबली. मावशीने तोंड उघडलं. कवळी दिसली, जीभ दिसली. इतकी मोठी बाई, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी, आणि मागे साठ-सत्तर माणसं. सरांनी मान हलवली तेव्हा तिने तोंड मिटलं.

सगळ्यांत शेवटी मी. फादरांनी माझ्याही जिभेवर भाकर ठेवली. माझं तोंड कुणी तपासलं नाही.

मी ती टाळूला चिकटवली, चालत पार्किंगमध्ये गेलो, गाडीत बसलो आणि थर्मासमधून कोमट पाण्याचा एक घोट घेतला. भाकर विरघळली आणि खाली गेली. अडकली नाही. पेटका आला नाही. दोन मिनिटं आणि एक घोट पाणी, एवढंच लागत होतं. सव्वा वर्षात मी हे एकदाही करून पाहिलं नव्हतं.

डबी मी एप्रिलमध्ये गुलाबाखाली रिकामी केली. चौदा होत्या. पंधराव्या रविवारची कुठे गेली ते तुम्हाला माहीत आहे.

मावशी पुन्हा मिस्साला आली नाही. माझा मित्र त्याच महिन्यात गॅरेजमध्ये विंटर टायर काढत होता, मी मदतीला गेलो होतो. तो पाना ठेवून म्हणाला, "एक विचारू? कमिटीत आईबद्दल कोण बोललं?"

"सर."

"आणि तू? तू होतास ना?"

"मी काही बोललो नाही."

 "हो," तो म्हणाला, "तू कधीच काही बोलत नाहीस." आणि पुन्हा पाना उचलला. त्यानंतर तो मला पूर्वीसारखं चिडवत नाही. त्याला काय कळलंय आणि काय नाही, हे मी आजवर ताडत बसलोय.

त्याच दिवशी मावशी घरातून गॅरेजमध्ये आली, थर्मास घेऊन. ऑक्टोबरपर्यंत राहायची होती, पण तिकीट बदलून मेमध्येच निघणार होती. मी म्हटलं, "राहा ना मावशी."

"इथे राहून काय करू? तोंड बंद ठेवलं तरी संशय, उघडलं तरी संशय." ती हसली. मग थर्मास माझ्या हातात देऊन, मुलाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "फादरांना तुझ्या गळ्याचं सांग. आजाराची लाज कसली?"

आजाराची, असं ती म्हणाली. बाकीचं तिने पाहिलं होतं का? पुस्तक माझं होतं हे तर तिला ठाऊकच होतं. मग ती कुणाला वाचवत होती, आणि का? मी तिला विचारलं नाही. पेज पिऊन थर्मास धुऊन परत दिला.

२०१८मध्ये ऑपरेशनसाठी माझा नंबर लागला. पोटाला पाच भोकं पाडून त्यांनी ती झडप कापून सैल केली. आता भात उतरतो, पोळी उतरते, फुगासुद्धा पाण्याबरोबर उतरतो. पेटके मात्र गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झडप आम्ही उघडली, नळीचा स्वभाव आम्हाला बदलता येत नाही. पूर्वी आठवड्याला यायचे, आता महिन्या-दोन महिन्यांनी येतात.

ऑपरेशननंतर वॉर्डमध्ये एक म्हातारे धर्मगुरू आले. मी न सांगताच त्यांनी भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, चमच्यात पाण्याबरोबर ठेवला आणि पुढे केला. म्हणाले, गळ्याच्या पेशंटला आम्ही असंच देतो, नुसतं सांगायचं असतं. मी गिळलं. ते पुढच्या पलंगाकडे गेले. त्यांना थांबवून कन्फेशन करायला मला तेवढा वेळ होता. मी भिंतीकडे तोंड वळवलं.

परवा मित्राकडून कळलं की गावी बातमी मावशीच्या आधीच पोचली होती. तिच्या चर्चमधल्या बायका ती रांगेत आली की मागे वळून बघतात. म्हणून ती रविवारी रिक्षा करून दोन गावं सोडून दुसऱ्या चर्चला जाते. ऐंशी वर्षांची आहे. त्याने हे सांगितलं तेव्हा मी फोन कानाला धरून उभा होतो आणि माझा दुसरा हात आपोआप वर गेला होता.

इथे मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. माझंही नाही. म्हणजे हे सगळं लिहूनही मावशीचं नाव मोकळं झालेलं नाही.

ती भाकर माझी होती, हे वाक्य मी मावशीचं देणं लागतो. तिच्या मुलाचं, माझ्या बायकोचं, आणि त्या दिवशी रांगेत उभं राहून तिचं उघडलेलं तोंड ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांचं देणं लागतो. ते त्यांच्यासमोर उभं राहून, माझ्या नावानिशी बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.